रिकिबीत पाय
वाचकांची पत्रं, निवृत्त दफेदारांची उत्तरं

दिवाळीचा अकलूजचा घोडेबाजार उठला की माझ्याकडची पत्रं वाढतात. दारात नवा घोडा येतो, त्याच्या मागोमाग प्रश्न येतात. या वेळी बार्शीच्या पोराचं पत्र आधी घेतो, कारण त्याला द्यायचं उत्तर लांबलचक आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : दफेदार काका, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलवर घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धा बघतो आणि वेड लागल्यासारखं होतं. घरात घोडा नाही, कुणी अधिकारी नाही. हा पैसेवाल्यांचा खेळ आहे असं सगळे म्हणतात. तुम्ही स्वार होतात, आता कोच आहात. हे करिअर होऊ शकतं का? आणि स्वाराचा कोच कसा होतो? – एक विद्यार्थी, बार्शी

उत्तर : बाळा, सगळे म्हणतात ते खोटं नाही. या खेळात ज्याचा घोडा त्याचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. आपल्यासारख्यांना दुसऱ्याच्या घोड्यावर बसून वर यावं लागतं, आणि त्याला सरळ रस्ता म्हणजे फौज. जयपूरची ६१ कॅव्हलरी ही घोड्यावरची रेजिमेंट १९५३ साली उभी राहिली. तिच्यातल्या रघुबीर सिंग यांनी १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये इव्हेंटिंगचं वैयक्तिक आणि सांघिक, दोन्ही सुवर्ण मिळवलं. इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्यानं ड्रेसाजही करायचं, म्हणजे ठरल्या रेषेत शिस्तीत चालायचं, मोकळ्या रानातली दौडही आणि मैदानातल्या उड्याही. फौजेबाहेरचा रस्ताही आहे. बंगळुरूचे फवाद मिर्झा जर्मनीत राहून तयार झाले. २०१८ च्या जकार्ता एशियाडला त्यांनी इव्हेंटिंगमध्येच रौप्य घेतलं आणि टोकियो ऑलिंपिकला त्यातल्या उड्यांच्या अंतिम फेरीपर्यंत जाऊन तेविसावे आले. तो रस्ता खर्चाचा आहे, तुझ्यापासून लपवून काय उपयोग?

आमच्या घरी, माळशिरस तालुक्यात, बैलजोडी आणि एक म्हैस. घोडा बघायचा तो आषाढीच्या वारीत, माउलींचा अश्व रिंगणात धावताना. टापेखालची माती कपाळाला लावायला लोक धावायचे, मी त्याचे पाय बघत बसायचो. घोडदळात भरती झालो तेव्हा वाटलं, आता रोज स्वारी. कसली स्वारी? लीद उचला, खूर साफ करा, खरारा करा. मग उस्तादांनी रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, काढून घेतल्या आणि तासतासभर दुडकी चालीवर फिरवलं. मांड्या सोलून निघाल्या, पण मांड बसली ती तिथंच. उड्या त्यानंतर आल्या. सेनेच्या स्पर्धा झाल्या, राष्ट्रीय झाल्या, आणि एक दिवस पाठीनंच हात टेकले. मग मला शिकवायला उभं केलं.

आता तुझा दुसरा प्रश्न. चांगला स्वार आपोआप चांगला कोच होतो, हा समज डोक्यातून काढून टाक. स्वाराचं शहाणपण त्याच्या बुडात आणि बोटांत असतं, तोंडात नसतं. शिकाऊ पोराचा घोडा अडथळ्यासमोर अडला की हात शिवशिवतात. ‘उतर, मी दाखवतो’ एवढं म्हटलं की झालं. पण उस्तादांचा दंडक होता: शिकवणीच्या तासात शिकाऊच्या घोड्यावर बसायचं नाही. कारण तुम्ही बसलात की घोडा सरळ उडी मारून मोकळा होतो आणि पोराच्या मनात कायमचं बसतं की घोडा उस्तादाचंच ऐकतो, आपलं नाही. दुसऱ्या दिवशी घोडं त्याच जागी पेंड खातं.

मग करायचं काय? मैदानाच्या मधोमध उभं राहायचं आणि बांबू हलवायचे. उडी तीन फुटांवरून दीड फुटावर आणायची. अडथळ्याच्या अलीकडं जमिनीवर एक बांबू टाकायचा, म्हणजे घोड्याला पाय कुठून उचलायचा ते आपसूक कळतं. आणि पोराला सांगायचं, घोड्याच्या ढांगा मोठ्यांदा मोज. घाबरलेलं पोर श्वास धरून बसतं. श्वास धरला की खांदे वर जातात, लगाम ताणतो आणि घोड्याच्या तोंडात लोखंड रुततं. पण मोठ्यांदा ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं तर श्वास सोडावाच लागतो. ‘घाबरू नको’ असं शंभरदा ओरडून जे होत नाही ते आकडे मोजून होतं. असली युक्ती सापडायला मला पदकं जिंकण्यापेक्षा जास्त काळ लागला, आणि खरं सांगू, पदकापेक्षा जास्त मजाही आली.

घरात अधिकारी नाही म्हणतोस म्हणून एक किस्सा. आम्हा बिगर-कमिशनवाल्यांचा, म्हणजे अधिकारी नसलेल्या दफेदार-हवालदारांचा, लाडका आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ड्रेसाजमध्ये फौजींपैकी फक्त कमिशन्ड अधिकाऱ्यांनाच उतरता यायचं. स्वीडनच्या संघानं सुवर्ण जिंकलं. त्यांच्यातला गेनेल पेर्सन मुळात सार्जंट, त्याला खेळांपुरतं लेफ्टनंट केलेलं. हे उघडकीस आलं आणि पुढच्या वर्षी अख्ख्या संघाचं पदक काढून घेतलं. पण घोड्यावर बसायला खांद्यावरचे तारे कशाला लागतात हा सवाल उठायचा तो उठलाच. नियम बदलला, आणि १९५२ ला हाच पेर्सन परत आला, सांघिक सुवर्ण घेऊन गेला. १९५६ ला पुन्हा.

तू पदवी सोडू नको. एनसीसीत रिमाउंट अँड व्हेटर्नरी तुकड्या असतात, तिथं घोडेस्वारी शिकवतात. तशी तुकडी कुठल्या कॉलेजात आहे ते शोध. भरती मेळाव्यांवर लक्ष ठेव. आणि निव्वळ घोड्यांजवळ राहायचं असेल तर नालबंदाचं काम शीक. चांगल्या नालबंदाला कोचपेक्षा जास्त बोलावणी असतात. मी स्वतः त्याच्या तारखा घेऊन बसतो, तो माझ्या नाही.

प्रश्न : दफेदारसाहेब, मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. गावातल्या एका पालकांच्या घोडीवर तीन-चार मुलांना उड्या शिकवतो. घोडी साडेचार फूट उंचीची, स्वभावानं गरीब. एकटा अडथळा छान पार करते. पण दोन अडथळे ओळीनं लावले, मध्ये नियमाप्रमाणे २४ फूट अंतर ठेवलं, की दुसऱ्यासमोर हटकून थांबते. मुलं म्हणतात चाबूक द्या. आपलं मत? – एक शिक्षक, अक्कलकोट

उत्तर : गुरुजी, चाबूक खुंटीला राहू द्या. तुमच्या पत्रातच उत्तर आहे.

२४ फूट कुठून आले ते बघा. मोठ्या घोड्याची कँटरमधली, म्हणजे हलक्या दौडीतली, एक ढांग साधारण १२ फुटांची. पहिल्या उडीनंतर तो अडथळ्यापासून सहा फुटांवर उतरतो, १२ फुटांची एक ढांग टाकतो आणि दुसऱ्याच्या सहा फूट अलीकडून उचलतो. सहा, बारा, सहा, झाले २४. हा हिशेब स्पर्धेतल्या उंच घोड्यांचा. तुमची साडेचार फुटी घोडी गरीब चालीनं जाते, तिची ढांग दहा-साडेदहा फुटांची असणार. ती उतरते, एक ढांग टाकते, आणि समोरचा अडथळा अजून लांबच. दुसरी ढांग टाकायला जागा नाही. थांबते ती शहाणी म्हणून थांबते.

उद्या असं करा. तुमचं एक पाऊल तीन फुटांचं पडेल अशी सवय लावा. अंगणात टेप लावून घटवा. आमच्याकडं स्पर्धेआधी स्वार मैदान चालून बघतात ते फेरफटका म्हणून नाही, पावलांनी असं अंतर मोजायला. आठ पावलं म्हणजे २४ फूट. तुम्ही दुसरा अडथळा सात पावलांवर, २१ फुटांवर आणा. उंची गुडघ्याएवढी ठेवा. पहिल्या अडथळ्याकडं दुडकीनं आणा. ती पार झाली की त्या दिवशी तेवढंच. कौतुक करा, खोगीर उतरवा.

तरीही थांबली, तर दोन जागा तपासा. पहिली पाठ. स्वारी झाल्यावर खोगीर काढलं की पाठ घामानं सारखी ओली दिसायला हवी. मधेच कोरडा चट्टा दिसला तर तिथं खोगीर रुततंय असं समजा. दुसरी जागा म्हणजे मुलांचे हात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून अगदी नाकासमोरचं त्याला दिसत नाही. अडथळ्याच्या तोंडाशी आल्यावर तो त्याला दिसेनासा होतो. उडी तो आधी लांबून बघितलेल्याच्या भरवशावर मारतो. लांबून बघताना मान वर-खाली करून अंतर जोखतो. नेमक्या त्याच वेळी पोरानं लगाम आवळून धरला तर त्याचा अंदाज कसा लागणार?

नियमाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. बांबू पडला तर चार गुण दंड, पहिल्यांदा अडला तर चार, दुसऱ्यांदा अडला की बाद. घोडा किंवा स्वार पडला तरी बाद. चाबूक मारून घोडा पार नेला याचे गुण कुठंच मिळत नाहीत. आणि एक विनंती. मुलांना कंटाळा आला म्हणून तुम्ही स्वतः घोडीवर बसून ‘बघा, असं’ करू नका. कारण वर बार्शीच्या पोराला सांगितलंय.

प्रश्न : सर, माझी मुलगी दहा वर्षांची आहे. आशियाई खेळांत भारताला घोडेस्वारीत सुवर्ण मिळालं ते पाहिल्यापासून तिला उड्याच शिकायच्या आहेत. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीला हे कशाला. क्लास कसा निवडावा? – एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी छोटी दुरुस्ती. हांगझोऊला २०२३ मध्ये मिळालेलं ते सुवर्ण ड्रेसाजचं. त्यात उड्या नसतात. घोडा अंगणातल्या रांगोळीसारखा ठरल्या रेषेत चालवावा लागतो. सासूबाईंना मात्र हे जरूर सांगा: त्या चौघांच्या संघात सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग या दोन मुली होत्या. घोडेस्वारीत बायकांची स्पर्धा वेगळी नसते. ऑलिंपिकच्या उड्यांत १९५६ पासून बाया-पुरुष एकाच यादीत असतात. त्या वर्षाची गंमत अशी की ऑलिंपिक मेलबर्नला आणि घोडे स्टॉकहोमला! ऑस्ट्रेलियाच्या क्वारंटाइनच्या नियमांमुळं बाहेरचे घोडे तिकडं नेता येईनात, मग घोड्यांपुरतं ऑलिंपिक स्वीडनला झालं.

क्लास निवडताना फी नंतर विचारा. आधी न सांगता सकाळी जाऊन तबेल्यात उभ्या राहा. हौदातलं पाणी ताजं आहे का शेवाळलेलं? घोड्याच्या पाठीवर, तंगाच्या (खोगीर बांधायच्या पट्ट्याच्या) जागी जखमा आहेत का? एक घोडा दिवसातून किती मुलांना घेऊन फिरतो, हे त्याला सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, मालकाला नको. तो खरं सांगतो. मग एक तास बसून शिकवणी बघा. कोच ओरडतो किती आणि बघतो किती, हे तुम्हाला घोड्यातलं काही न कळताही कळेल.

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं, हनुवटीखाली घट्ट पट्टा असलेलं. क्रिकेटचं किंवा सायकलचं चालत नाही. बुटाला बारीकशी टाच हवी. स्पोर्ट्स शूजचा सपाट तळवा रिकिबीतून पुढं सरकतो, पाय अडकतो, आणि पडल्यावर पोर फरफटतं. खरा धोका पडण्यात कमी, या फरफटण्यात जास्त. पहिले सहा महिने उडी नाही, असं कोचनं सांगितलं तर खुशाल पैसे भरा. ‘पहिल्याच महिन्यात उडी’ असं सांगणाऱ्याच्या दारातून परत या.

प्रश्न : आमचे सर उडी मारताना पुढे वाका म्हणतात. पण जुन्या चित्रांत घोडेस्वार मागे रेललेले दिसतात. बरोबर कोण? – इयत्ता आठवी, पंढरपूर

उत्तर : तुझे सर. चित्रही खोटं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सगळे मागंच रेलायचे, पाय पुढं ताणून. मग इटलीच्या घोडदळातल्या फेदेरिको काप्रिली नावाच्या कॅप्टननं घोडे मोकळे सोडून बघितले. पाठीवर कुणी नसताना घोडा उडी कशी मारतो? मान लांब करतो, पाठ कमानीसारखी उचलतो. मागं रेललेला माणूस नेमका त्याच पाठीवर आदळतो आणि लगाम ओढून मान आखडतो. म्हणून काप्रिलीनं रिकीब आखूड केली, बूड खोगिरावरून उचललं आणि हात पुढं सोडले. आज सगळं जग तसंच बसतं. उंच उडीचा विक्रम मात्र पुष्कळ जुना आहे: १९४९ मध्ये चिलीच्या कॅप्टन लारागिबेल यांनी वासो नावाच्या घोड्यावर २.४७ मीटर पार केले. आपल्या घराचं दार सात फुटांचं असतं. त्याच्यावरून फूटभर जास्त. अजून कुणाला मोडता आलेला नाही.

प्रश्न : राम राम. अकलूजच्या बाजारातून तीन वर्षांचा घोडा आणला. रेवाल चाल झकास, हलगीवर नाचतो. आता पोराला त्याच्यावर उड्या शिकवायच्या म्हणतो. किती दिवसांत तयार होईल? – एक शेतकरी, मंगळवेढा

उत्तर : राम राम पाटील. दिवसांची भाषा नको, वर्षांची करा.

आधी तो तीन वर्षांचा आहे का ते बघा. ओठ उचला. खालचे पुढचे दात मोजायचे. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. दुधाचे दात लहान, पांढरे, मुळाशी बारीक. नवे मोठे, पिवळसर. मधलीच जोडी मोठी दिसली तर बाजारवाला खरं बोलला. तिन्ही जोड्या मोठ्या असतील तर घोडा पाच वर्षांचा किंवा त्याच्याही पुढचा, आणि मग आपण वेगळं बोलू.

तूर्त तीन वर्षांचाच धरून चालू. पायाची हाडं भरत आलेली असतात, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालते. आत्ता उड्या मारल्या तर आठव्या वर्षी तो लंगडा उभा असेल आणि तुम्ही त्याला अकलूजला विकायला न्याल. या वर्षी फक्त जमिनीवर बांबू टाका, अडीच-तीन फुटांच्या अंतरानं, आणि हातात दोर धरून चालवत न्या. पाय कुठं पडतोय हे त्याला कळायला लागतं.

नाचवलेल्या घोड्याची दुसरी अडचण तोंडाची. नाचवताना काटेरी लगाम वापरलेला असतो. त्याच्या जिभेच्या कडा, ओठांचे कोपरे बघा, व्रण असतील. असा घोडा लगामाला हात लागला की मान छातीशी घेऊन जागच्या जागी उड्या मारायला लागतो. तुम्हाला वाटतं नाचतोय. त्याला दुखतंय. साधा, जाड, मधे सांधा असलेला लगाम घाला. रेवाल चाल बसायला मऊ असते, पण उडीला कँटर लागतो, आणि रेवालीत पक्का झालेला घोडा कँटरला कुरकुरतो. धीर धरा.

उंची कमी असली तर कमीपणा मानू नका. आपल्या भीमेकाठच्या भीमथडी घोड्यांची आता स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. धनगरांचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन डोंगर चढणारी ती जात, पायाला पक्की. अडीच फुटांच्या उडीला तेवढं पुष्कळ.

प्रश्न : उन्हाळ्यात घोड्याला काय खाऊ-पिऊ घालावं? पोटात दुखलं तर घरगुती इलाज? – मोहोळहून एक

उत्तर : मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३ च्या पुढं जातो. काम सकाळी सातच्या आत संपवा. दमून आलेल्या घोड्याला पाणी देऊ नये म्हणतात, ते ऐकू नका. पिऊ द्या, अंगावरही ओता. मीठ चाटायला ठेवा.

ज्वारीचा आपला मुलूख, म्हणून मुद्दाम लिहितो: कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला घालू नका. त्यात विष असतं, आणि हिरवी ज्वारी चरत राहिलेल्या घोड्याच्या मागच्या पायांतलं त्राण जातं, लघवीचा ताबा सुटतो. पोटदुखीला घरगुती इलाज नाही. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं तोंडावाटे परत येत नाही. नळकांड्यानं तेल, रॉकेल ओतू नका, ते फुप्फुसात उतरतं. चारा काढा, हळू चालवा, जनावरांच्या डॉक्टरला लगेच बोलवा.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झाले. वय ५८. आता घोड्यावर बसायला शिकणं हा वेडेपणा ठरेल का? – एक वाचक, सात रस्ता

उत्तर : बाई, ब्रिटनच्या निक स्केल्टन यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला उड्यांचं वैयक्तिक सुवर्ण घेतलं तेव्हा त्यांचं वय ५८ च होतं, आणि त्याआधी मान मोडून ते एकदा निवृत्तही झाले होते. तुम्हाला तर नुसतं चालीवर फिरायचंय. डॉक्टरांकडून हाडांची तपासणी करून घ्या, तो कागद सोबत आणा. ओढणी नको, अडकते. बांगड्या घरी ठेवा. चढायला मैदानात उंच ओटा आहे, त्यामुळं गुडघ्यांची काळजी नको. सकाळी साडेसहाला या. सातनंतर माझे घोडे कुणाचंच ऐकत नाहीत.